वॉटकिन वाटेवरचं शेत : ब्रिटनमधल्या मराठी भटकंती गटांना खुले पत्र

ब्रिटनमधली महाराष्ट्र मंडळं आणि मराठी भटकंती गट यांच्या संयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा जवळ आला की तुमच्या गटांतून 'स्नोडन ट्रेक'ची पत्रकं फिरू लागतात. बूट कसले घालायचे, पाणी किती न्यायचं, गाड्या कुठे लावायच्या, ठेपले कोण आणणार, सगळं चोख लिहिलेलं असतं. ज्या जमिनीवरून दिवसभर चालायचं तिच्याविषयी मात्र एखादीच ओळ असते, आणि ती साधारण अशी : 'मानवी हस्तक्षेपापासून दूर, अस्पर्श निसर्ग.' आमचा आक्षेप ह्या ओळीला आहे. ती चुकीची आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवून चालणाऱ्या सज्जन, निसर्गप्रेमी माणसांच्याच हातून तिथं नुकसान होतं. रानात माणूस जसा मोकळा वागतो, तसा तो दुसऱ्याच्या शेतात वागत नाही.

वेल्समधल्या स्नोडन शिखरावर दक्षिणेकडून चढणारी वॉटकिन वाट तुमच्यापैकी अनेकांची आवडती. बेदगेलेर्टच्या पुढे, नान्त ग्विनान्तच्या खोऱ्यात, ती सुरू होते आणि १,०८५ मीटर उंचीच्या शिखरापर्यंत हजारेक मीटर चढते. शिखरावर जाणाऱ्या नेहमीच्या वाटांपैकी सर्वांत जास्त चढ हिचाच. ह्या वाटेचा मोठा भाग एकाच शेताच्या जमिनीतून जातो. त्या शेताचं नाव हावोद अ ह्लान. खाली खोऱ्यात त्याची घरं आणि गोठे, वर कूम ह्लान ह्या दरीत त्याचं चराऊ रान. तुम्ही वाटेवरचं पहिलं फाटक उघडता तेव्हा एका चालत्या शेतात पाऊल टाकता.

नावापासून सुरुवात करू, कारण निम्मा इतिहास नावातच आहे. वेल्शमध्ये 'हाव' म्हणजे उन्हाळा आणि 'बोद' म्हणजे राहण्याची जागा. दोन्ही मिळून हावोद, उन्हाळी बिऱ्हाड. त्याची जोडीदारीण 'हेन्द्रे', म्हणजे खोऱ्यातलं जुनं, मूळ घर. मेच्या पहिल्या दिवशी घरातली काही माणसं गुरं घेऊन वर जायची आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसाच्या सुमारास खाली परतायची. मधल्या सहा महिन्यांत खालच्या कुरणात गवत वाढायचं, त्याची कापणी होऊन हिवाळ्याची वैरण साठायची. वर दूध, लोणी आणि चीज. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात थॉमस पेनंट ह्या प्रवाशाने एरेरीतली, म्हणजे स्नोडोनियातली, अशी बिऱ्हाडं पाहून लिहून ठेवली आहेत. एकच लांबट, बुटकी खोली, एका टोकाला धूर जायला भोक, बसायला दगड, भिंतीलगत गवताची अंथरुणं. पुरुष गुरांमागे किंवा कापणीत, बायका दूध काढण्यात आणि लोणी-चीज करण्यात.

ह्या बिऱ्हाडांच्या खुणा अजून दिसतात. फक्त नजर हवी. ओढ्याजवळ, वाऱ्याच्या आडोशाला, आजूबाजूच्या फिकट पिवळसर गवतात मध्येच एक गडद हिरवा तुकडा असतो. गुरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं बसली, शेण पडलं, जमीन सुपीक झाली, आणि दोनशे वर्षांनंतरही गवत ते विसरलेलं नाही. त्या हिरव्या तुकड्यात गुडघ्याइतक्या उंचीचा, गवताने झाकलेला दगडांचा आयत दिसला की समजावं, हे घर होतं. नेमक्या अशाच जागा सपाट आणि आडोशाच्या असल्यामुळे जेवणाला बसायला आणि तंबू ठोकायला निवडल्या जातात. बसायला हरकत नाही. पण त्या आयतातला दगड उचलून चुलीला किंवा तंबूच्या दोरीला लावला, की घराची भिंत कुठून कुठवर होती हे कायमचं पुसलं जातं. पुरातत्त्वाच्या दृष्टीने दगड कुठे पडला आहे ही माहिती असते, आणि ती एकदाच वाचता येते.

मध्ययुगात ह्या खोऱ्यातली जमीन ॲबरकॉन्वीच्या, सिस्टर्शियन ह्या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाकडे होती. १५३० च्या दशकात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले आणि अशा जमिनी हळूहळू मोठ्या जमीनदारांच्या हाती गेल्या. पुढे गुरांऐवजी मेंढ्यांवर भर आला. मेंढीला रोज दूध काढायला माणूस लागत नाही, त्यामुळे वर जाऊन राहण्याचं कारणच संपलं. काही हावोद ओस पडली. काही मात्र बारमाही शेतं झाली आणि त्यांनी जुनं नाव ठेवलं. आज नकाशावर 'हावोद' दिसलं की ती जागा पूर्वी कुणाचं तरी उन्हाळी रान असावी, असं मानून चालायला हरकत नाही.

डोंगराकडे तोंड करून उभं राहिलं की शेताचे तीन थर दिसतात. तळाला कुरणं : सपाट, दगड वेचलेली, गवत कापण्याची जमीन. तिच्या वर 'फ्रीद', म्हणजे कुरण आणि उघडा डोंगर यांच्यामधला उतार. नेचे, काटेरी गोर्स, हॉथॉर्न आणि रोवनची खुरटी झाडं, मध्ये मध्ये गवत. सर्वांत वर 'मनिद', उघडा डोंगर, जिथे कुंपण नाही. ह्या तिघांना वेगळं करणाऱ्या दोन लांबलचक दगडी भिंती असतात. वरची, डोंगराची भिंत, बहुतेक ठिकाणी अठराव्या शतकाच्या शेवटी किंवा एकोणिसाव्या शतकात घातलेली. जी जमीन आधी सामायिक वापरात होती ती वाटून घेताना ह्या भिंती उभ्या राहिल्या. म्हणजे फोटोत जी रेघ इतकी सुंदर दिसते, ती कुणाची तरी चराई बंद झाल्याची रेघही आहे.

ह्या भिंतींवर थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त मोडतोड त्यांचीच होते.

कोकणातला गडगा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गोष्ट पटकन कळेल : चुना नाही, माती नाही, सिमेंट नाही, फक्त दगडावर दगड. वेल्समधली साधी दुहेरी भिंत अशी असते. गवताचा थर काढून वीतभर खोल चर. त्यात सर्वांत मोठे दगड, दोन ओळींत. तळाशी रुंदी साधारण ७० सेंटीमीटर, वर जाताना दोन्ही बाजू आत कलत जातात आणि माथ्याशी ३५-४० सेंटीमीटर उरतात. उंची सव्वा ते दीड मीटर. दोन्ही तोंडांमधल्या पोकळीत बारीक दगडांची भरण. ही भरण फावड्याने ओतायची नसते. प्रत्येक दगड हाताने बसवायचा, म्हणजे बाहेरचा दगड हलणार नाही. माती तर अजिबात नको : ती पाणी धरते, थंडीत गोठून फुगते आणि भिंतीला आतून ढकलते. अर्ध्या उंचीवर, साधारण मीटरभर अंतराने, आरपार जाणारे लांब दगड. तेच दोन्ही तोंडांना बांधून ठेवतात. आणि सर्वांत वर, उभे लावलेले, एकमेकांना घट्ट दाबणारे माथ्याचे दगड.

प्रत्येक दगडाची लांबी भिंतीच्या आत जायला हवी, बाहेरून दिसायला नव्हे. सांध्यावर सांधा येता कामा नये. हे दोन नियम पाळले तर भिंत शंभर-दीडशे वर्षं उभी राहते. एका मीटरला दीड ते पावणेदोन टन दगड लागतो आणि हातखंडा कारागीर दिवसाला दोन ते तीन मीटर भिंत घालतो. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढच्या गोष्टीची किंमत त्यांवरून कळते.

भिंत मोडते कशी? पावसाने क्वचितच. बहुतेक वेळा कुणीतरी ती ओलांडताना माथ्याचा एक दगड हलतो. माथ्याचे दगड एकमेकांच्या दाबाने घट्ट असतात. एक सैल झाला की शेजारचे चार सैल होतात. वरचा भार कमी झाला की आतली भरण खाली बसत जाते, बाहेरच्या तोंडाला पोट सुटतं. एकदोन हिवाळे ती तशीच तग धरते. मग गोठण्या-वितळण्याच्या एखाद्या आठवड्यात दोन मीटरचं खिंडार पडतं. तोवर ओलांडणारा माणूस ती भिंत विसरून गेलेला असतो. खिंडार दुरुस्त करायचं म्हणजे वरून दगड रचून भागत नाही. दोन्ही बाजूंनी घट्ट भाग लागेपर्यंत आणि खाली पायापर्यंत उतरवायचं, दगड गवतावर आकाराप्रमाणे मांडायचे, माथ्याचे सर्वांत लांब, भरणीचे सर्वांत जवळ, आणि पुन्हा सुरुवात करायची. दरम्यान मेंढ्या तिथून बाहेर पडतात, आणि खिंडार ठाऊक झालेली मेंढी ते कधी विसरत नाही. इतरांनाही घेऊन येते.

म्हणून पहिली विनंती : भिंत ओलांडायची ती फाटकातून किंवा 'कामवा'वरून. कामवा म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेल्या आरपार दगडांच्या पायऱ्या. फाटक जसं सापडलं तसंच ठेवावं. उघडं असेल तर उघडंच. आपल्याला नीटनेटकेपणाची सवय असते आणि शेवटचा माणूस फाटक लावून घेतो, पण ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं, आणि मग पाण्यापासून कळप तुटतो. तीच गोष्ट भिंतीच्या तळाशी असलेल्या चौकोनी भोकाची. त्याला 'तूह्ल दावाद' म्हणतात, मेंढीचं भोक. मेंढी त्यातून जाते, गाय जाऊ शकत नाही. स्लेटच्या फरशीने ते बंद करतात. फरशी बाजूला आहे की भोकावर, हा मेंढपाळाचा निर्णय असतो. तिला हात लावू नये.

आणि दगडांचे मनोरे. शिखराच्या आसपास आणि ओढ्याकाठी पाच-सात दगड एकावर एक रचून फोटो काढण्याची पद्धत आपल्या गटांतही आली आहे. हे दगड येतात कुठून ते एकदा बघावं. हाताला सहज लागणारे, चपटे, मुठीएवढे दगड म्हणजे बऱ्याचदा भिंतीची भरण किंवा हावोदच्या पायातले दगड. शिवाय धुक्यात लोक अशा मनोऱ्यांना वाटेची खूण समजतात, आणि कड्याजवळ ही चूक महागात पडते.

आता वरच्या उघड्या डोंगराकडे. तिथे कुंपण नसताना प्रत्येक शेताच्या मेंढ्या आपापल्या भागात कशा राहतात, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उत्तर एका वेल्श शब्दात आहे : 'कनेविन'. मेंढीला जन्मापासून ओळखीचा असलेला डोंगराचा तुकडा. ती आईबरोबर तिथं चरते. थंडीत आडोसा कुठे, पाणी कुठे, पहिलं गवत कुठे फुटतं हे शिकते. पुढच्या वर्षी स्वतःच्या कोकराला शिकवते. हे ज्ञान कळपात असतं, कागदावर नाही. म्हणूनच डोंगरावरच्या शेताचा कूळ बदलला तरी कळप बहुधा जमिनीबरोबरच राहतो. २००१ च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत ब्रिटनमध्ये जिथे जिथे असे कळप मारावे लागले, तिथे नव्या मेंढ्यांना डोंगर शिकवायला वर्षानुवर्षं माणसं मागे चालवावी लागली.

तुमचा तीस जणांचा गट वाट सोडून उतारभर पसरून चालतो, तेव्हा मेंढ्या वर वर सरकत जातात आणि शेजारच्या कळपाच्या हद्दीत घुसतात. एका दिवसाने काही बिघडत नाही. मेपासून सप्टेंबरपर्यंत दर शनिवार-रविवारी झालं की बिघडतं. एका रांगेत, वाटेवरूनच चालणं हा ह्यावरचा साधा उपाय. कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै ह्या काळात खुल्या प्रवेशाच्या, म्हणजे कायद्याने सर्वांना पायी फिरायला मोकळ्या असलेल्या, जमिनीवर त्याला जास्तीत जास्त दोन मीटरच्या दोरीवर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि गुरंमेंढरं जवळ असतील तेव्हा वर्षभर.

वर्षाचं वेळापत्रकही पत्रकात असावं असं आम्हाला वाटतं. नोव्हेंबरात मेंढे कळपात सोडतात. १४७ दिवसांच्या आसपास गर्भ. म्हणजे डोंगरावरची कोकरं एप्रिलमध्ये, नेमकी तुमच्या ईस्टरच्या सहलीच्या वेळी. जुलैत लोकर कातरणी. ऑगस्ट-सप्टेंबरात कोकरं आईपासून वेगळी. आणि शरदात, पहिल्या वर्षाच्या माद्या हिवाळ्यापुरत्या खालच्या, उबदार शेतांवर भाड्याने चरायला जातात आणि एप्रिलच्या सुरुवातीला परततात. गुरं घेऊन वर जाणारी माणसं संपली, पण डोंगर आणि खोरं यांच्यातली ती ये-जा अशी टिकून आहे. आता ती ट्रकमधून होते. एकटं कोकरू दिसलं तर उचलू नये, आई जवळच चरत असते आणि तुम्ही दूर झालात की येते. मात्र एखादी मेंढी पाठीवर उताणी पडून पाय झाडत असेल तर जरूर मदत करावी. पोटुशी किंवा लोकरीने जड झालेली मेंढी स्वतःहून उठू शकत नाही, पोटात वायू साचत जातो आणि काही तासांत ती मरते. तिला कुशीवर वळवून पायांवर उभं करावं आणि तोल सावरेपर्यंत मिनिटभर धरून ठेवावं. लगेच सोडली तर पुन्हा पडते.

हा डोंगर इतका हिरवा आणि इतका बोडका का, हेही सांगायला हवं. तुमच्यातले अनेकजण त्याला मूळ रूप समजतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथली काळी गुरं नाल ठोकून शेकडो मैल चालवत इंग्लंडच्या बाजारांत नेली जात. गाईचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका जनावराला आठ नाल. रेल्वे आली आणि हा धंदा संपला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी अनुदान दर मेंढीमागे मिळू लागलं. जितकी डोकी तितके पैसे. शेतकऱ्याने त्याला सांगितलं तेच केलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वेल्समधल्या मेंढ्यांची संख्या एक कोटी दहा लाखांच्या वर गेली होती, आणि माणसं होती तीस लाखांच्या आत. मेंढी ओठांनी निवडून निवडून, जमिनीलगत कुरतडते. गोड गवत आणि हेदर ह्या बुटक्या झुडपाची कोवळी टोकं जातात, आणि राठ, कुणी न खाणारं नार्डस गवत उरतं. उन्हाळ्याच्या शेवटी जो फिकट सोनेरी उतार इतका मोहक दिसतो, तो ह्या गवताचा.

गाय वेगळं चरते. ती जिभेने झुबका ओढते, राठ गवतही खाते, आणि तिच्या वजनाने नेच्याचे कोंब तुडवले जातात. हावोद अ ह्लानवर १९९८ नंतर मेंढ्या कमी करून काळ्या वेल्श गाई पुन्हा डोंगरावर आणल्या गेल्या त्या ह्यासाठी. त्या वर्षी हे शेत विक्रीला निघालं होतं. नॅशनल ट्रस्ट ह्या वारसा जपणाऱ्या संस्थेने लोकांकडे वर्गणी मागितली, अभिनेते अँथनी हॉपकिन्स यांनी दहा लाख पौंड दिले, आणि शेजारच्या गेल्ली इआगोसह सुमारे चार हजार एकर जमीन ट्रस्टकडे आली. पुढे नवं कुंपण घालण्याऐवजी पायी फिरणारे मेंढपाळ ठेवून, जास्त चरलेल्या भागातून कळप रोज हळूहळू दुसरीकडे वळवण्याचा प्रयोगही इथं झाला. तुम्हाला एखादा माणूस कुत्र्याबरोबर उतारावर संथपणे चालताना दिसला, तर तो तुमच्यासारखा फिरायला आलेला नसेल. त्याच्या आणि कळपाच्या मधून जाऊ नये.

नेच्याचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. जुन्या शेतावर शरदात नेचे कापून, वाळवून गोठ्यात अंथरत. चाकाची गाडी उतारावर चालत नसे, म्हणून लाकडी घसरगाडीवरून तो भारा खाली येई. दरवर्षी कापल्यामुळे नेचे आवाक्यात राहत. अंथरायला पेंढा विकत मिळू लागला, कापणी थांबली, आणि नेचे फ्रीदभर पसरले. जमिनीखालचं त्यांचं खोड अन्न साठवून ठेवतं, त्यामुळे एकदा कापून काही होत नाही. जूनच्या मध्यात आणि पुन्हा सहा-सात आठवड्यांनी, अशी निदान तीन वर्षं कापणी करावी लागते, तेव्हा कुठे ते थकतात.

त्याहून चिवट म्हणजे रोडोडेंड्रॉन. मे-जूनमध्ये नान्त ग्विनान्तच्या उतारांवर जांभळ्या फुलांचे ताटवे दिसतात आणि तुमच्या छायाचित्रांत सर्वांत जास्त पसंती त्यांनाच मिळते. ही झुडपं अठराव्या शतकात बागांसाठी ब्रिटनमध्ये आणली. एका मोठ्या झुडपातून वर्षाला दहा लाखांपर्यंत धुळीसारखं बी उडतं. आम्लधर्मी, ओली जमीन त्यांना हवी तशीच मिळाली. त्यांच्या दाट सावलीखाली काही उगवत नाही. ओकच्या ओल्या जंगलातली शेवाळं आणि दगडफुलं मरतात. पानं मेंढीला विषारी. नुसतं कापलं तर बुंध्यातून दहा फुटवे. प्रत्येक खोडात औषध भरावं लागतं आणि नंतरही वर्षानुवर्षं रोपं उपटत फिरावं लागतं. फोटो जरूर काढा, पण खाली 'इथला निसर्ग' असं लिहू नका.

डोंगरावर न दिसणारी एक गोष्टही ह्या शेतांच्या इतिहासात आहे. १९८६ च्या मेच्या सुरुवातीला चेर्नोबिलहून आलेले ढग इथल्या उंच भागांवर बरसले. पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम पडलं. चिकणमातीच्या जमिनीत ते मातीला चिकटून राहतं; इथल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, आम्लधर्मी जमिनीत ते मोकळं राहतं, गवत ते शोषतं, मेंढी गवत खाते. मांसात किलोमागे १,००० बेकरेलपेक्षा (बेकरेल हे किरणोत्साराचं माप) जास्त भरलं तर ती मेंढी बाजारात नेता येत नसे. विक्रीपूर्वी एकेका मेंढीच्या मागच्या भागाला यंत्र लावून मोजणी, जास्त भरली तर रंगाची खूण, आणि खालच्या कुरणात काही आठवडे ठेवून पुन्हा मोजणी. तपासणीच्या त्रासाची भरपाई मेंढीमागे १ पौंड ३० पेन्स. उत्तर वेल्समधल्या तीनशेहून अधिक शेतांवर हे निर्बंध जून २०१२ पर्यंत होते. सव्वीस वर्षं. 'अस्पर्श' हा शब्द अशा जमिनीला लावताना हात थांबावा.

वाटेवरचे बाकीचे अवशेषही पाहून जा. कूम ह्लानमध्ये शिरताना जो सरळ, आखीव उतार वाटेला छेदतो तो स्लेट खाणीच्या ट्रामचा मार्ग. ती खाण १८४० मध्ये सुरू झाली आणि १८८२ मध्ये बंद पडली. दगड वाईट नव्हता. पण खाली उतरवून पुढे गाडीने पोर्थमादोग बंदरापर्यंत नेण्याचा खर्च परवडला नाही. त्याच दरीत तांब्याच्या खाणीची पडकी गिरणी आहे. व्यवस्थापकाच्या घराच्या, प्लास कूम ह्लानच्या, भिंतींवर गोळ्यांच्या खुणा आहेत. दुसऱ्या महायुद्धात सैनिक तिथे सराव करत. आणि ज्या मोठ्या खडकावर चढून सगळे फोटो काढतात तिथून १३ सप्टेंबर १८९२ रोजी पंतप्रधान ग्लॅडस्टन, वयाच्या ८२ व्या वर्षी, वाटेचं उद्घाटन करताना वेल्श शेतकऱ्यांच्या जमिनीच्या प्रश्नावर बोलले. बहुतेक कुळांचा करार तेव्हा वर्षावर्षाचा असे. जमीन सुधारली की खंड वाढे, म्हणून सुधारायची कुणी? पुढच्या वर्षी ह्या प्रश्नासाठी शाही आयोग नेमला गेला.

खोऱ्याच्या वरच्या टोकाला दिसणारा मोठा पाइप कूम दलीच्या वीजकेंद्राचा, १९०६ चा. हावोद अ ह्लानचं स्वतःचं ६४० किलोवॅटचं जलविद्युत केंद्र २०१४ मधलं. त्याचा पाइप जमिनीखाली आहे, धरण नाही. ओढ्यातलं काही पाणी वर वळवून खाली पुन्हा ओढ्यातच सोडलं जातं. पाणी घेण्याच्या जागी लोखंडी जाळीपाशी मुलांनी खेळू नये, एवढं मात्र पत्रकात लिहाच.

नावांबद्दल एक विनंती. नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाने 'स्नोडोनिया' आणि 'स्नोडन'ऐवजी 'एरेरी' आणि 'अर् विद्वा' हीच नावं वापरायचं ठरवलं. विद्वा म्हणजे थडग्यावरचा दगडमातीचा ढीग. दंतकथेत तिथे रिता नावाच्या राक्षसाला पुरलं आहे. मराठी माणसाला ही नावं अवघड नाहीत, उलट इंग्रजीपेक्षा आपल्या तोंडाला सोपी. एकटा 'एफ' म्हणजे व, जोडीचा 'एफ' म्हणजे फ. 'डब्ल्यू' बहुधा ऊ. जोडीचा 'डी' म्हणजे इंग्रजी 'दिस'मधला द. जोडीचा 'एल' तेवढा शिकावा लागतो : जीभ 'ल'च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची. पत्रकात ही नावं देवनागरीत लिहिली तर सगळेच बरोबर म्हणतील, आणि वाटेत भेटलेल्या शेतकऱ्याला ते कळेल.

शेवटी भिंतीतल्या खिंडाराविषयी, कारण तो प्रश्न गटांकडून नेहमी येतो. पडलेले दगड दिसले की चार उत्साही हात ते पुन्हा रचायला लागतात. कृपया रचू नका. वरवर रचलेला ढीग मेंढी थांबवत नाही, उलट तिच्या पायावर कोसळतो, आणि कारागिराला तो आधी उपसावा लागतो. खिंडाराचा एक फोटो दूरून आणि एक जवळून घ्या, नकाशावरचा जागेचा क्रमांक टिपा, भिंतीच्या कोणत्या बाजूला मेंढ्या आहेत ते लिहा, आणि उतरल्यावर त्याच दिवशी शेतावर किंवा उद्यानाच्या रक्षकाला कळवा. लांब पडलेले माथ्याचे दगड गवतात हरवतात. तेवढे उचलून भिंतीपासून चार पावलांवर, एका ओळीत, उताराला न घसरतील असे ठेवलेत तर कारागिराचा सकाळचा तासभर वाचतो.

आपले,
डोंगरचराई आणि दगडी भिंतींचं काम जाणणारे काही मराठी